पहिलं गाणं गणेश चतुर्थीलाच रिलीज करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, मराठी गाणी स्वतःच लिहिता आणि गाता, कुठल्या कंपनीशी करार नाही. पहिलं गाणं संथ चालीचं प्रेमगीत आहे, मिक्स (आवाज आणि वाद्यांचा मेळ) झालंय, मास्टरिंग (त्यावरचा शेवटचा हात) पुढच्या आठवड्यात होईल. यंदा, म्हणजे २०२६ला, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. शुभ दिवस, सगळ्यांना सुट्टी, तर त्याच दिवशी टाकावं का? की सगळे सांगतात तसं शुक्रवारीच टाकायला हवं?

चतुर्थीला नका टाकू. शुक्रवारचं खाली सांगते.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे सल्ला किती मनावर घ्यायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी नारायण पेठेत एका सीएच्या ऑफिसात नोकरी करते आणि वर्षाला दोन, फार तर तीन गाणी काढते. प्रसिद्ध वगैरे अजिबात नाही. पण तारखेच्या बाबतीत ज्या चुका करता येतात त्या बहुतेक करून झाल्यात.

पहिली चूक तुमच्यासारखीच होती. माझं पहिलं गाणं मी दिवाळी पाडव्याला टाकलं. मुहूर्त चांगला, लोक घरी, आणखी काय हवं! झालं असं, की सकाळी निम्मी ओळखीची माणसं दिवाळी पहाटला, दुपारी जेवणं आणि ओवाळणं, संध्याकाळी पाहुणे. प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पणत्या, रांगोळ्या आणि 'आपणांस व आपल्या परिवारास'. त्या ढिगात माझी लिंक. माझ्या सख्ख्या आत्याने तिला शुभेच्छा समजून हात जोडल्याची खूण पाठवली. तिने गाणं ऐकलं ते डिसेंबरात, मी घरी जाऊन लावलं तेव्हा.

सणाला लोक मोकळे असतात हे खरं, पण त्यांचे कान मोकळे नसतात. आणि गणपतीत पुण्यात तर विचारूच नका. चतुर्थीच्या आधी दोन महिने नदीपात्रात पथकांचे सराव सुरू होतात. संध्याकाळी सात वाजता तिकडच्या एखाद्या सोसायटीत खिडकी उघडी ठेवून तुमचं प्रेमगीत लावून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. त्या दिवसांत चालतं ते गणपतीचं गाणं, तेही आगमनाच्या तीन-चार आठवडे आधी आलेलं, कारण मंडळं, पथकं आणि रील करणारी मुलं आपापली गाणी आधीच ठरवून बसलेली असतात. चतुर्थीच्या दिवशी आलेलं गणपतीचं गाणं म्हणजे वरातीमागून घोडं. शिवाय ही तारीख हलती. २०२५ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती, यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे अडीच आठवडे पुढे गेली. सणाचं गाणं करणार असाल तर कालनिर्णय आधी आणि स्टुडिओ नंतर. तुमचं गाणं सणाचं नाही, त्यामुळे ही कटकट तुमच्या मागे नाही. ती ओढवून घेऊ नका.

आता शुक्रवार. हा काही देवाने नेमून दिलेला वार नाही. २०१५च्या १० जुलैपर्यंत अमेरिकेत नवी गाणी मंगळवारी यायची, ब्रिटनमध्ये सोमवारी. एका देशात आलेलं गाणं दुसऱ्या देशात दोन-तीन दिवस आधीच चोरून फिरायचं, म्हणून जगभरच्या कंपन्यांनी मिळून शुक्रवार ठरवला. आपल्याकडची सिनेमाची गाणी आजही सोमवार-बुधवार कधीही येतात, त्यांचं काही अडत नाही. स्पॉटिफायवर मात्र शुक्रवारचा एक खरा उपयोग आहे: तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या 'रिलीज रडार'मध्ये नवं गाणं दिसतं आणि ती यादी शुक्रवारी बदलते. पण त्यासाठी गाणं किमान 7 दिवस आधी 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स' या कलाकारांसाठीच्या पानावरून पिच केलेलं, म्हणजे स्पॉटिफायच्या गाणी निवडणाऱ्यांपुढे मांडलेलं असावं लागतं. पहिल्या गाण्याला फॉलोअर असणार किती? माझे एकोणीस होते, त्यातला एक मीच. म्हणजे शुक्रवार पाळा, त्याने काही बिघडत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

मराठी ऐकणारा माणूस बराचसा यूट्यूबवर असतो, आणि तिथे वारच नाही तर तासही आपल्या हातात असतो. मी व्हिडिओ एरवी रविवारी सकाळी साडेदहाला लावते. पोहे झालेले असतात, जेवणाला वेळ असतो. यामागे शास्त्र काही नाही, आमच्या घरी त्या वेळेला सगळे फोन घेऊन बसलेले असतात एवढंच.

खरा मुद्दा कोणता वार हा नाहीच. तारीख ठरवायची ती हातात मास्टर फाइल आल्यावर, आणि तिथून निदान चार आठवडे पुढची. 'मास्टरिंग पुढच्या आठवड्यात होईल' या वाक्यावर कधीही तारीख जाहीर करू नका. मास्टरिंग करणाऱ्या दादाकडे लग्न निघतं, आपल्यालाच एका ओळीतला उच्चार खटकायला लागतो.

चार आठवडे कशाला, तर सांगते. डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे आपलं गाणं सगळ्या अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, गाणं चढवलं की ते तपासलं जातं, मग एकेका अ‍ॅपकडे जातं. माझ्या एका गाण्याचं कव्हरचं चित्र परत आलं, कारण मी हौसेने त्यावर माझं इन्स्टाग्रामचं नाव टाकलं होतं. ते चालत नाही. चौकोनी चित्र हवं, त्यावर गाण्याचं आणि गायकाचं नाव, बस. ते बदलून परत चढवण्यात चार दिवस गेले. मग पिच. स्पॉटिफायवर एका वेळी एकच गाणं पिच करता येतं, आणि गाण्याबद्दल लिहायला जागा 500 अक्षरांची. माझी पहिली दोनशे अक्षरं स्वतःच्या कौतुकात गेली होती. तुम्ही गाणं कुणाचं, कशाबद्दल, त्यात कोणती वाद्यं आहेत आणि ते ऐकणारा माणूस कोण, हे लिहा. रीलसाठी इन्स्टाग्रामच्या यादीत गाणं दिसायलाही कधीकधी वेगळा वेळ लागतो. तुमची मैत्रीण उत्साहाने रील करायला बसते आणि गाणंच सापडत नाही, हे मी बघितलंय.

आणि नाव. रोमन लिपीत स्वतःचं आणि गाण्याचं नाव कसं लिहायचं ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. 'पाऊस'ची स्पेलिंग लोक चार प्रकारे करतात. मी तर नावापायीच तोंडावर पडले होते.

गोष्ट जून २०२५ची. पावसाळ्यातलं एक गाणं केलं होतं. पहिला पाऊस, मातीचा वास, चहा-भजी असलं काही नाही, तर घरात दोरीवर न वाळणाऱ्या कपड्यांचं. पुण्यात एरवी पाऊस 10 जूनच्या आसपास येतो, म्हणून मी १३ जूनचा शुक्रवार धरला. मेच्या मध्यात गाणं चढवलं, पिच केलं, निश्चिंत झाले. आणि त्या वर्षी मान्सून २६ मेलाच पुण्यात हजर! फेसबुक, इन्स्टा, सगळीकडे पावसाची गाणी. माझा जीव खालीवर. तारीख अलीकडे ओढू का म्हणून मिक्सिंग करणाऱ्या दादाला रात्री अकराला फोन केला. तो म्हणाला, "तुझं गाणं पहिल्या पावसाचं आहे का?"

"नाही."

"कपडे न वाळण्याचं आहे ना? मग अजून लोकांचे कपडे वाळतायत. झोप आता."

तारीख ओढली असती तर पिच केलेलंही कदाचित वाया गेलं असतं, हे मला नंतर सुचलं. पण दादाचं म्हणणं त्याहून पटलं. जूनच्या मध्याला आमच्या सोसायटीत प्रत्येक घरात हॉलमध्ये पंख्याखाली स्टँड उघडलेला होता आणि टॉवेलांना कुबट वास येत होता. लोकांनी आपापल्या दोरीचे फोटो टाकून खाली माझं गाणं लावलं. पहिल्या महिन्यात साडेआठशेच्या आसपास वेळा वाजलं. माझ्या मानाने हे भरपूर.

तर नावाचं. १२ जूनला, गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला, मी ऑफिसात असताना ऑकलंडच्या मावसबहिणीचा मेसेज आला: "आलं गं गाणं! पण तुझ्या फोटोऐवजी हे काका कोण?" गाणी प्रत्येक देशात तिथल्या मध्यरात्री दिसायला लागतात, त्यामुळे न्यूझीलंडला ते आमच्या साडेसहा तास आधी पोचलं होतं. पोचलं होतं ते माझ्याच नावाच्या कुणा भजन गाणाऱ्या गृहस्थांच्या पानावर. (आमचं नाव बाई-पुरुष दोघांनाही चालणारं आहे, त्याला इलाज नाही.) मी लगेच डिस्ट्रिब्युटरला लिहिलं, पण दुरुस्ती व्हायला पाच दिवस गेले. रात्री बारानंतर सगळ्यांना पाठवायचा मेसेज तयार होता, तो मी थांबवला आणि लोकांना सरळ यूट्यूबकडे वळवलं. साडेसहा तास मिळाले नसते तर शंभर जणांना त्या काकांचं पान गेलं असतं. ते भजन फार छान गातात, हे जाता जाता.

म्हणून गुरुवारची संध्याकाळ मोकळी ठेवा. पुण्यात गुरुवार म्हणजे कुठे पाणी बंद, कुठे लाईट गेलेली. व्हिडिओ एक्स्पोर्ट बुधवारीच उरका. माझा एकदा ब्याऐंशी टक्क्यांवर असताना लाईट गेली होती.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: स्वतःचं कॅलेंडर आधी बघा. रिलीजच्या आठवड्यात रोज तास-दीड तास लागतो. प्रत्येकाला वेगळा मेसेज करायचा, कमेंटला उत्तर द्यायचं, कुणी रील केलं तर पुढे पाठवायचं, जमल्यास एखाद्या छोट्या ठिकाणी चाळीस-पन्नास लोकांपुढे गायचं. मी मार्चअखेर, ३१ जुलै आणि ३० सप्टेंबर यांच्या आसपास काहीच काढत नाही, कारण ऑफिसातल्या कराच्या मुदतींमुळे त्या दिवसांत मी माणसांत नसते. तुमचे ऐकणारे कॉलेजचे असतील तर परीक्षा बघा. ऑगस्टमध्ये तर नाटकवाली मुलं पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमीत असतात, ती फोनही उचलत नाहीत. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन म्हणून सगळेच मराठी काहीतरी टाकतात, तिथे गर्दी. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या दिवसांत शास्त्रीय ऐकणारी मंडळी तुमच्याकडे बघणार नाहीत, आणि नाताळानंतर परदेशी डिस्ट्रिब्युटरकडून उत्तर येता येत नाही.

आता तुमच्या गाण्याचं. मला विचाराल तर २ ऑक्टोबर. शुक्रवार आहे, गांधी जयंतीची सुट्टी आहे, पुढे शनिवार-रविवार. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, म्हणजे विसर्जन होऊन आठवडा झालेला. ढोल थांबलेले, शहराचा घसा बसलेला, अशा वेळी संथ गाणं कानाला बरं वाटतं. अडचण एकच: तो पितृपक्ष आहे, १० ऑक्टोबरला सर्वपित्री. नवं काही सुरू करायला लोक बिचकतात, आणि नेमकं म्हणूनच तेव्हा गर्दी कमी. मी एक गाणं पितृपक्षात काढलं आहे. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनेच ते मामाला पाठवलं. तुमच्या घरी अजिबात चालणार नसेल तर घटस्थापना ११ला आहे, १६ ऑक्टोबरचा शुक्रवार घ्या. त्यापुढे मात्र जाऊ नका, दिवाळीच्या जाहिराती सुरू होतात.

२ ऑक्टोबर धरलंत तर ४ सप्टेंबरपर्यंत गाणं डिस्ट्रिब्युटरकडे गेलेलं हवं. तेवढं झालं की गणपतीत निवांत आरत्या म्हणा. स्पॉटिफायच्या पानावर गाणं 'येणार' म्हणून दिसायला लागलं की त्याच दिवशी पिच करा, सात दिवसांच्या हिशोबाने येणाऱ्या 25 तारखेची वाट बघू नका.

आणि समजा सगळं करूनही पहिला आठवडा कोरडा गेला, तर गाणं मेलं असं समजू नका. स्पॉटिफाय २०२४पासून १२ महिन्यांत 1,000 वेळा वाजलेल्या गाण्यालाच पैसे मोजतं, पण तो हिशोब बारा महिन्यांचा आहे, पहिल्या शुक्रवारचा नाही. माझं कपड्यांचं गाणं हजारापार गेलं ते ऑगस्टात. डिस्ट्रिब्युटर देतो तो आयएसआरसी क्रमांक, म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, जपून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात किंवा हेच गाणं अल्बममध्ये घेतलंत, तर तोच क्रमांक द्यायचा, म्हणजे आधीची मोजणी सहसा सोबत येते.

न्यूझीलंडला ओळखीचं कुणी आहे का बघा. नात्यातलं नसेल तर मित्राचा मित्र चालेल. फक्त ऑक्टोबरात तिथलं घड्याळ तासभर पुढे गेलेलं असतं, तेव्हा गुरुवारी १ तारखेला साडेपाचची वाट बघू नका, साडेचारलाच फोन जवळ ठेवा.