हायरॉक्स डबल्समध्ये जोडीदार माझ्यापेक्षा बराच वेगवान असेल तर काम कसं वाटून घ्यावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तुम्ही आणि तुमचा मित्र, दोघे धुळ्याचे, मुंबईच्या डबल्समध्ये पहिल्यांदाच उतरताय. मित्र किलोमीटर पावणेपाच मिनिटांत पळतो, तुम्हाला जवळपास सहा लागतात, पण ताकदीत तुम्ही वरचढ. म्हणून स्लेड (वजन ठेवलेली घसरगाडी) सगळी तुम्ही ढकलायची, बाकीचं निम्मं-निम्मं करायचं आणि पळताना मित्राने पुढे राहून तुम्हाला ओढून न्यायचं, असं ठरलंय. हे बरोबर आहे का, असा तुमचा प्रश्न.

मी जळगावचा. चुलतभावासोबत दोनदा डबल्स पळलोय आणि पहिल्या वेळी आमचंही अगदी हेच ठरलं होतं. म्हणून स्पष्ट सांगतो, हे बदला. तयारीला अजून वेळ आहे तोवर बदला.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१७ मध्ये जर्मनीत सुरू झालेली ही शर्यत आता मुंबईतही होते. एक किलोमीटर पळायचं, मग एक स्टेशन, म्हणजे व्यायामाचं एक ठरलेलं काम, असं आठ वेळा. स्टेशनांचा क्रम ठरलेला: १००० मीटर स्की अर्ग (उभं राहून दोन दांडे खाली ओढायचं यंत्र), ५० मीटर स्लेड ढकलणं, ५० मीटर स्लेड ओढणं, ८० मीटर बर्पी ब्रॉड जम्प (जमिनीला छाती टेकवून उठायचं आणि पुढे लांब उडी मारायची), १००० मीटर रोइंग (वल्हवायचं यंत्र), २०० मीटर फार्मर्स कॅरी (दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं), १०० मीटर सँडबॅग लंजेस (खांद्यावर वाळूची बॅग घेऊन, दर पावलाला मागचा गुडघा टेकवत चालणं) आणि शेवटी १०० वॉल बॉल (खाली बसून उठत जड चेंडू भिंतीवरच्या लक्ष्यावर फेकणं). डबल्समध्ये स्टेशनचं काम दोघांनी हवं तसं वाटून घ्यायचं. पळणं मात्र वाटता येत नाही. आठही किलोमीटर दोघांनी पळायचे आणि तेही सोबत.

सगळं गणित या शेवटच्या अटीत आहे. तुमचा मित्र कितीही ताजातवाना राहिला तरी तो ताजेपणा पळताना वापरता येत नाही, कारण तुम्हाला सोडून त्याला पुढे जाताच येत नाही. जोडीचा किलोमीटर म्हणजे तुमचा किलोमीटर. त्याचा उरलेला दम खर्च करायला एकच जागा आहे, स्टेशन. आणि स्टेशनवर तुम्ही स्वतःला जितकं जास्त दमवाल, तितका पुढचा किलोमीटर दोघांचाही जड जाणार.

माझे आजोबा आमच्या चोपड्याकडच्या शेतात बैलजोडी हाकायचे. एक बैल तगडा आणि एक जरा हलका असला की ते जुवाचा दोर मधोमध बांधत नसत. तगड्याच्या बाजूला चार बोटं सरकवत. त्यामुळे हलक्या बैलाकडे जू लांब राहतं आणि त्याच्या मानेवर ओढ कमी येते. चाल मात्र दोघांची एकच, ती हलक्याची. तगड्याला जोरात चालवून हलका बैल वेगाने चालत नाही, तो बसतो. डबल्स हुबेहूब असंच आहे. चाल बदलता येत नाही, दोर सरकवता येतो.

फक्त इथे तगडा कोण, हे नीट ठरवायला हवं. वजन उचलण्यात तुम्ही पुढे असाल, पण ही शर्यत बहुतेकांना तासाच्या वरच लागते आणि तासभर चालणाऱ्या कामात तगडा तो, ज्याचा श्वास लवकर जागेवर येतो. म्हणजे तुमचा मित्र.

आमचं पहिल्या वेळी काय झालं ते सांगतो. माझा सोयीचा वेग किलोमीटरला सहा मिनिटं. हॉलमध्ये गाणी, माणसांचा गलका, भाऊ पुढे. पहिला किलोमीटर पाच मिनिटं पाच सेकंदांत झाला. मला फार छान वाटलं होतं. दुसरा साडेपाच. मग स्लेड सगळी मी ढकलली, कारण तसंच ठरलं होतं. वजन स्लेडसकट १५२ किलो असतं. ढकलून झाल्यावर पळायला लागलो तेव्हा मांड्या माझ्या राहिल्याच नव्हत्या. तिसरा किलोमीटर सहा वीसला गेला. बर्पीनंतरचा साडेसात, शेवटचा साडेआठ. म्हणजे पळणं नव्हतंच ते, चालणं होतं, आणि भाऊ शेजारी उभ्या उभ्या पाय हलवत माझी वाट बघत होता. त्याच्यात भरपूर दम शिल्लक होता आणि तो वाया गेला. आठ किलोमीटरला एकूण ५५ मिनिटं लागली. दुसऱ्या वेळी आम्ही पहिल्या किलोमीटरपासून सव्वासहाच्या आसपास राहिलो आणि शेवटपर्यंत तिथेच टिकलो. ५० मिनिटं. माझा पळण्याचा वेग मधल्या काळात काही वाढला नव्हता.

तर पळताना पुढे तुम्ही राहा, मित्र अर्धं पाऊल मागे. वेगवान माणूस पुढे असला की त्याची इच्छा नसतानाही तो खेचतो आणि मागच्याला "हळू" म्हणायला लाज वाटते. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये तुम्हाला एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर तुम्ही उधारीवर पळताय. प्रत्येक स्टेशननंतरचे पहिले दोनशे मीटर मुद्दाम हळू घ्या, विशेषतः स्लेडनंतर. पाय आपोआप मोकळे होतात, जबरदस्तीने होत नाहीत.

आता स्लेड. समजा एक लांबी, म्हणजे साडेबारा मीटर, तुम्ही २५ सेकंदांत ढकलता आणि मित्र ३२ मध्ये. चारही तुम्ही केल्या तर निम्म्या वाटणीपेक्षा कागदावर १४ सेकंद वाचतात. प्रत्यक्षात चौथी लांबी तुम्हाला ४० सेकंद घेणार आणि पुढच्या किलोमीटरला तुम्ही आणखी अर्धं मिनिट गमावणार. त्यापेक्षा एक लांबी तुम्ही, एक त्याने, अशी आलटून पालटून करा. त्याला स्लेड हलतच नसेल तर अर्ध्या लांबीवर बदला, पण सलग दोन तुम्ही घेऊ नका. स्लेड ओढताना मात्र तुम्ही थोडं जास्त घेतलं तर चालेल. पाठ आणि हातांची ताकद तिथे कामी येते आणि मांड्यांवर ढकलण्याइतका मार पडत नाही.

बर्पीला सगळ्यात जास्त विचार करा. माझ्या मते डबल्सची शर्यत तिथेच हातातून जाते. तुम्ही अंगाने भारी असाल तर जमिनीवर लोळून उठणं आणि उडी, यात हृदय घशाशी येतं. ८० मीटरपैकी ५० ते ५५ मित्राला द्या. आणि ते सलग नको, त्याच्या पाच-सहा उड्या, मग तुमच्या तीन-चार. नियम असा की काम न करणाऱ्याने मागे राहायचं, म्हणून मागून शांत चालत या आणि श्वास घ्या. कमरेवर हात, मान खाली, असं नको. चालत राहिलं की दम लवकर परत येतो.

स्की अर्गवर बदल पटकन होतो, दांडे सोडायचे आणि दुसऱ्याने धरायचे. त्यामुळे दोनशे-दोनशे मीटरचे तुकडे करा आणि मित्राकडे एक तुकडा जास्त ठेवा. रोइंगला पायाचे पट्टे सोडा-बांधा करण्यात वेळ जातो, तिथे एकदाच बदला: मित्राने आधी ६००, तुम्ही ४००. फार्मर्स कॅरी तुमचं. दोन्ही हातांत २४-२४ किलो, पकड चांगली असेल तर त्याने श्वास फारसा चढत नाही. २०० पैकी दीडशे तुम्ही घ्या आणि मित्राला पुढच्या लंजेससाठी मोकळं ठेवा. लंजेसमध्ये २० किलोची बॅग जमिनीला टेकू न देता खांद्यावरून खांद्यावर द्यायची असते. हे हस्तांतर घरी गव्हाचं वीस किलोचं पोतं घेऊन पन्नास वेळा करून बघा. त्या १०० मीटरमध्ये मोठा वाटा पुन्हा मित्राचा.

वॉल बॉलला ही सगळी कंजुषी सोडून द्यायची. त्यानंतर किलोमीटर नाही, वाचवून ठेवायचं कशासाठी? तिथे ज्याचे फेक सरळ लक्ष्यावर लागतात त्याने जास्त घ्यावेत. दहा-दहाचे तुकडे करा. चेंडू खाली पडू देण्याआधीच दुसऱ्याच्या हातात गेला पाहिजे.

बदल कधी करायचा, यावर जोड्यांची भांडणं होतात. हात-पाय थकल्यावर बदलायचं नाही, थकायच्या दोन उड्या आधी. आम्ही दोनच शब्द ठेवले होते, "घे" आणि "दम". "घे भो" म्हटलं की दुसऱ्याने काही न विचारता काम हातात घ्यायचं. "दम" म्हटलं की पळण्याचा वेग उतरवायचा. "ठीक आहेस का?" हे विचारूच नका, प्रत्येकजण हो म्हणतो. त्याऐवजी किती दमलास, याचा दहापैकी आकडा विचारा. तुमच्याकडून पाचव्या किलोमीटरच्या आधी आठ ऐकू आला, तर पुढच्या स्टेशनवर मित्राने न सांगता वाटा वाढवायचा.

एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना फसवते. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत वावरणाऱ्या आपल्याला वाटतं, मुंबईची उष्णता काय करणार? पण आपलं ऊन कोरडं आहे, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. तिथल्या दमट हवेत घाम वाहतो, वाळत नाही, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. म्हणून इथे जमलेल्या वेगात किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद सैल ठेवा. रात्रभर गाडीत बसून सकाळी उभं राहू नका, आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. आदल्या रात्री तिखट शेवभाजी नको. वरण-भात आणि सकाळी दोन केळी पुरतात.

धुळ्यात स्लेड मिळत नसेल तर ट्रॅक्टरचं जुनं टायर दोराने बांधून शेतात ओढा. आणि या रविवारी पहाटे नकाणे तलावाकडे एक चाचणी घ्या. दोघांनी सोबत एक किलोमीटर तुमच्या वेगाने पळायचं, मग तीस बर्पी, मित्राच्या वीस आणि तुमच्या दहा. असं चार वेळा. चारही किलोमीटरचा वेळ लिहून ठेवा. पहिल्या आणि चौथ्यात वीस सेकंदांपेक्षा जास्त फरक निघाला, तर पुढच्या रविवारी मित्राच्या चोवीस आणि तुमच्या सहा करा, आणि फरक आटोक्यात येईपर्यंत दोर सरकवत राहा.