धुक्यात विमान आपोआप उतरतं, तेव्हा को-पायलट नुसता बसून असतो का?

'नुसता बसून' हे शब्द झोंबले, म्हणून लिहितोय. त्या उजव्या सीटवर माझी अकरा वर्षं गेली आहेत.

आमच्याकडे तेव्हा पद्धत अशी होती: अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे खाली येत जाणं, को-पायलटचा. ऑटोपायलट आणि यंत्रं त्याने सांभाळायची, शेवटी शेवटी कॅप्टनने बाहेर बघायचं. डिसिजन हाइटला, म्हणजे उतरायचं की नाही ते ठरवायच्या उंचीवर, धावपट्टीचे दिवे दिसले तर कॅप्टन 'लँडिंग' म्हणणार. काहीच बोलला नाही, तर को-पायलटने सरळ गो-अराउंड करायचा, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर न्यायचं. विचारत बसायचं नाही. कॅप्टन नेमका त्याच क्षणी बेशुद्ध पडला तरी विमान वर जातं, ही त्यातली खरी गोम.

एका पहाटे कॅट टू, म्हणजे दाट धुक्यातला अप्रोच होता. आरव्हीआर, म्हणजे धावपट्टीवर दिसण्याचं अंतर, ३५० मीटर; डिसिजन हाइट १०० फूट. 'मिनिमम्स', म्हणजे डिसिजन हाइट आल्याची हाक, ऐकू आली आणि डावीकडून चकार शब्द नाही. मी मान वळवून पाहिलं, तर कॅप्टनसाहेब काचेला नाक लावल्यासारखे पुढे वाकलेले. मी टोगा, म्हणजे गो-अराउंडचं बटण, दाबलं. इंजिनं गरजली, नाक वर आलं आणि साहेब ओरडले, "अरे, दिसत होते ना दिवे!"

दिसत असतील हो. पण मग बोलायचं कोणी? विमान सेकंदाला ७० मीटर पुढे जात असतं, त्यात मी तुमच्या मनातलं कधी ओळखू?

दुसऱ्या फेरीत मात्र 'लँडिंग' असं खणखणीत ऐकू आलं. त्यानंतर पार्किंगपर्यंत चेकलिस्टशिवाय एक शब्द नाही. पुढे वर्षभर क्रू रूममध्ये 'घाबरट' ऐकून घेतलं.

सगळीकडे हीच वाटणी असते असं मात्र नाही. बऱ्याच कंपन्यांत अशा हवेत कॅप्टनच उडवतो, को-पायलट उंची आणि ऑटोपायलटचा मोड पुकारतो. कॅट थ्री-बीमध्ये, म्हणजे याहून दाट धुक्यातल्या अप्रोचमध्ये, तर कधी कधी डिसिजन हाइटच नसते. तिथे दिवे शोधण्यापेक्षा यंत्रणा शाबूत आहे का, हे बघणं महत्त्वाचं. माझ्या मते पद्धत कुठलीही असो, एकाचे डोळे चाकं टेकून विमानाचा वेग उतरेपर्यंत आतच हवेत. दोघंही बाहेर डोकावू लागले की मग ऑटोपायलटकडे बघतंय कोण?

आणि हो, त्या दिवशी मीही चुकलोच होतो. डावीकडे मान वळवण्यात माझे दोन सेकंद गेले, तेवढ्यात विमान आणखी वीसेक फूट खाली आलं. साहेबांच्या ते कधी लक्षात आलं नाही. आलं असतं, तर वाद त्यांनी जिंकला असता.