संरक्षण कंपन्या एकत्र आल्या की क्षेपणास्त्रं स्वस्त होतात का?

नाही, सहसा होत नाहीत. सोलापुरातल्या तुमच्या अभ्यासगटात ‘मोठी कंपनी म्हणजे कमी खर्च’ असा मुद्दा निघाला म्हणता, पण अमेरिकेचा अनुभव उलटा आहे. शीतयुद्ध संपून बजेट आटलं, तेव्हा १९९३ मध्ये पेंटागॉननेच, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेच, कंपनीप्रमुखांना जेवायला बोलावून सांगितलं, की सगळ्यांना पुरेल एवढं काम आता नाही. मग १९९५ मध्ये लॉकहीड आणि मार्टिन मॅरिएटा एक झाल्या, १९९७ मध्ये बोइंगने मॅकडोनल डग्लस घेतली. पेंटागॉनच्या २०२२ च्या अहवालातला हिशेब असा: १९९० च्या दशकापासून मुख्य कंत्राटदार ५१ वरून ५, विमानं बनवणारे ८ वरून ३, रणांगणी क्षेपणास्त्रं बनवणारे १३ वरून ३. चाटी गल्लीच्या कापडबाजारात तेराऐवजी तीनच दुकानं उरली, तर चादरीचा भाव गिऱ्हाईक ठरवेल का? म्हणूनच क्षेपणास्त्रांच्या रॉकेट मोटर बनवणारी एरोजेट घ्यायला २०२० मध्ये लॉकहीड निघाली, तेव्हा २०२२ मध्ये सरकारी नियामक कोर्टात गेला आणि सौदा बारगळला. अर्थात सगळा दोष विलीनीकरणाचा नाही. ऑर्डर एका वर्षी भरपूर आणि पुढच्या वर्षी चिमूटभर असेल, तर छोटा कारखानदारही यंत्रं आणि कारागीर रिकामे बसवून ठेवत नाही.