पोस्टरांचा ढीग आणि मोडलेली ठेव

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनी लिहितात: "माझे यजमान बँकेतून निवृत्त झाले आहेत. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांची पोस्टरे आणि गाण्यांच्या पुस्तिका जमवण्याचा त्यांना नाद आहे. आमच्या दोन खोल्यांच्या घरात पलंगाखालची जागाही आता उरलेली नाही आणि माळ्यावर कसलेसे जुने रीळ आहे. गेल्या महिन्यात मला न सांगता मुदत ठेव मोडून त्यांनी चोरबाजारातून ३५ हजारांचे पोस्टर आणले. ते गावी गेले की हे सगळे रद्दीवाल्याला द्यावे, असे मनात येते. माझे चुकते आहे का?"

ताई, तुमचा राग रास्त आहे, पण रद्दीवाल्याला बोलावू नका. तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत, एक जागेची आणि दुसरी लपवाछपवीची. यजमानांनी त्याच पैशांतून शेअर घेतले असते, तरी दुसरी तक्रार तशीच राहिली असती. त्यामुळे तिचा जाब पोस्टरांना विचारण्यात अर्थ नाही. तो यजमानांनाच, समोरासमोर बसून विचारायला हवा.

हे कागद निव्वळ रद्दी नव्हेत, हेही सांगायला हवे. १९३१ सालच्या 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो कसा होता याची कल्पना येते ती छायाचित्रे, जाहिराती आणि पुस्तिका यांवरूनच. थिएटरवर काही आण्यांना मिळणाऱ्या त्या पुस्तिकांत कथासार, नटसंच आणि गाणी छापलेली असत, आणि ज्या चित्रपटांची रिळे नष्ट झाली, त्यांची माहिती अभ्यासकांना बऱ्याचदा अशाच कागदांवरून जुळवावी लागते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपटांच्या जोडीने हे कागदही जपत आले आहे. मात्र पलंगाखाली कोंबलेल्या पुस्तिकांना पावसाळ्यात बुरशी आणि एरवी कसर लागते, हे यजमानांना ठणकावून सांगण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

माझी सूचना एका नोंदवहीची आहे. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला खतावणी शिकवावी लागत नाही. वस्तू कोणती, कुठून घेतली, कशा स्थितीत आहे आणि कितीला पडली, हे त्यांनी लिहावे, आणि किमतीचा रकाना तुमच्यादेखत भरावा. एकाच पोस्टरच्या दोन-दोन प्रती निघतील, त्या विकून नवी खरेदी करावी. निवृत्तिवेतनातून दरमहा ठरलेल्या रकमेपलीकडे जायचे असेल, तर आधी तुम्हाला विचारावे. ठेव कोणाच्या नावावर होती हे तुम्ही लिहिलेले नाही, पण तो पैसा दोघांच्या म्हातारपणाचा असल्याने त्याने फरक पडत नाही. जागेपुरते म्हणाल तर ओल न येणाऱ्या भिंतीला लागून एक लोखंडी कपाट द्यावे आणि ते भरले की जुने काढल्याशिवाय नवे आत येणार नाही, असे ठरवावे.

ते ३५ हजारांचे पोस्टर दोघांनी मिळून भिंगाखाली पाहा. दगडावरच्या जुन्या शिळाछपाईत रंगाचे कण खडूने घासल्यासारखे विस्कळीत दिसतात, तर नंतरच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची शिस्तीची जाळी दिसते. जाळी दिसली म्हणजे पोस्टर नकली, असे नव्हे. गाजलेले चित्रपट पुन्हा पुन्हा प्रदर्शित होत आणि त्यासाठी पोस्टरे नव्याने छापली जात. परंतु पुनःप्रदर्शनाच्या पोस्टरला पहिल्या प्रदर्शनाची किंमत मोजली असेल, तर यजमान फसले आहेत. घड्यांच्या खुणांवरून मात्र त्यांना बोलू नका, कारण पोस्टरे घड्या घालूनच थिएटरांना पाठवली जात. आणि कौतुकाने लॅमिनेशन करू देऊ नका, चिकटपट्टीही लावू देऊ नका. त्याने कागद कायमचा बिघडतो.

आता माळ्यावरच्या त्या रिळाविषयी, ज्याचा तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे. ते १९५० च्या आसपासचे किंवा त्याआधीचे ३५ मिलिमीटरचे असेल, तर नायट्रेटचे, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मचे, असू शकते, आणि नायट्रेट भडकले की पाण्यानेही विझत नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये अशाच रिळांच्या साठ्याला आग लागून कितीतरी जुने चित्रपट नष्ट झाले. तपासण्यासाठी ते पेटवून पाहू नका, गॅसपासून आणि उन्हापासून दूर ठेवा आणि याच आठवड्यात पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. ठेवीचे बोलणे त्यानंतर झाले तरी चालेल.