तुझी मॉडची यादी वाचली

अरे, गाडी ट्रॅकवर न्यायची म्हणून करायच्या मॉडची, म्हणजे बदलांची, यादी मिळाली. रीमॅप (इंजिनच्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं), मोठा एग्झॉस्ट, इनटेक, गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग, एक साइज मोठे अलॉय, आणि सगळ्यात खाली "ब्रेकचं नंतर बघू". मी असतो तर ही यादी खालून वर वाचायला घेतली असती.

ट्रॅकवर गाडी पहिल्यांदा कुठे हरते माहितीये? पॉवरमध्ये नाही, थांबण्यात. १०० ऐवजी १४० वरून थांबताना ब्रेकला जवळपास दुप्पट ऊर्जा उष्णता करून टाकावी लागते, आणि रस्त्यावर असं एकदा करतोस तर ट्रॅकवर दर लॅपला तीन-चारदा, मध्ये गार व्हायला वेळच नाही. म्हणून पहिला खर्च ब्रेक फ्लुइडचा. हे फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, पाणी मुरल्यावर तोच १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, मग कॅलिपरमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं, तेही नेमकं लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी. चांगलं ताजं डॉट ४ किंवा ५.१ घाल, चारही चाकांचे ब्रेक नीट ब्लीड करून घे, म्हणजे जुनं फ्लुइड आणि अडकलेली हवा काढून टाक. आकडा जवळचा दिसला म्हणून डॉट ५ उचलू नकोस, ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही.

पॅडचं वेगळं आहे. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर ते पॅड फेड, म्हणजे तापून पॅडची पकड गेली. पेडल मऊ होतंय, तर फ्लुइड. हा फरक पायाला कळला पाहिजे, नाहीतर चुकीची वस्तू विकत घेत बसशील. ट्रॅक पॅड घेशील तेव्हा हेही लक्षात घे की थंड असताना ते नीट चावत नाहीत, किंचाळतात आणि अलॉय काळे करतात, त्यामुळे तीच गाडी रोज चालवणार असशील तर फास्ट रोड प्रकारचे पॅड पुरे. सेशन संपताना शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता काढायचा, म्हणजे डिस्क, इंजिन ऑइल, टर्बो सगळं गार होतं, आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड लाव.

आता टायर. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅकमध्ये पुढचे दोन टायर वळवतात, ओढतात आणि ब्रेकिंगचाही बहुतेक भार तेच घेतात, मागचे बिचारे नुसते सोबत येतात. म्हणून पुढचे आधी तापतात, आधी घसरतात, आणि नवशिक्याला वाटतं गाडी वळत नाहीये म्हणजे स्टिअरिंग अजून फिरवू, त्यानं ते आणखीच घासतात. तिथे स्टिअरिंग थोडं सोड, थ्रॉटल कमी कर, टायरला परत पकड मिळू दे. प्रेशर गरम असताना मोज, कारण काही लॅपमध्ये ते सहज ६-८ पीएसआय चढतं, आणि घरी निघताना परत भरायला विसरू नकोस. मोठ्या अलॉयवर पैसे घालण्यापेक्षा आहे त्याच साइजचे चांगले टायर घे, जड चाकानं सस्पेन्शनचं काम वाढतं आणि फोटो सोडून काही सुधारत नाही.

पुढच्या टायरची बाहेरची कड आधी संपली तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) कमी आहे. बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट या प्रकारचं सस्पेन्शन असतं, गाडी कलली की त्याचा कॅम्बर हवा तसा टिकत नाही, म्हणून ट्रॅकसाठी लोक साधारण उणे २.५ ते ३ अंशांपर्यंत जातात. स्प्रिंग कापून किंवा फार खाली बसवून हे होत नाही, उलट रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली जातं आणि गाडी जास्तच कलायला बघते. मागचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) जाड केला की नाक छान वळतं, पण मग वळणात घाबरून अचानक थ्रॉटल सोडलास तर मागची बाजू पुढे यायला निघते. जुनी प्यूजो २०५ जीटीआय याच सवयीसाठी प्रसिद्ध होती. त्यामुळे तो बार पहिल्या वर्षी नको.

ऑइल: लेव्हल डिपस्टिकच्या वरच्या खुणेजवळ ठेव, खुणेच्या वर नाही. लांब वळणात ऑइल संपच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या, एका बाजूला जातं, ऑइल खेचणारा पिकअप हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि बेअरिंग जातं, दिवा लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. सीव्ही बूट (ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटवरचं रबरी आवरण), व्हील बेअरिंग, सस्पेन्शनचे रबरी बुश, इंजिन माउंट निघायच्या आठवडाभर आधी बघून घे, आदल्या रात्री नाही. व्हील नट टॉर्क रेंचनं. डिकी आणि सीटखालचं सगळं काढून टाक, बाटली पेडलखाली गेली तर बाकी सगळी तयारी फुकट.

रीमॅप करायचाच असेल तर शेवटी कर. टर्बो गाडीत सलग लॅप मारले की टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर तापतो, इनटेकची हवा गरम होते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, स्वतःच पॉवर कमी करतो, म्हणजे कागदावरचे वाढीव घोडे तिसऱ्या लॅपला गायब. शिवाय आतलं चाक वळणातून निघताना आताच फिरत असेल तर जास्त टॉर्कनं ते जास्तच फिरेल, तिथे एलएसडीचा (एकाच चाकाला मोकळं फिरू न देणाऱ्या लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलचा) उपयोग रीमॅपपेक्षा जास्त. आणि हो, इन्शुरन्सची पॉलिसी वाच, बऱ्याच पॉलिसींत ट्रॅकवरचं नुकसान बसत नाही आणि मॉड कळवावे लागतात. कंटाळवाणं काम आहे पण कर.

एका वेळी एकच बदल करायचा, वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशानं काय झालं ते कुणीच सांगू शकणार नाही, मी तर नाहीच.

तर आधी फ्लुइड, पॅड, अलाइनमेंट, बस. पहिल्या दिवसानंतर गार आणि गरम प्रेशरचे आकडे पाठव, आणि पुढच्या दोन्ही टायरचे फोटो, आतली कड, मधला पट्टा, बाहेरची कड वेगवेगळी दिसेल असे. मग कॅम्बरचं ठरवू.