वाचकांचे प्रश्न : पाणी चढायच्या आधी काय ठरवून ठेवावं?

प्रश्न : आमचं घर गोव्यात साखळीला, वाळवंटी नदीच्या जवळ. घरात चौघं. सासरे अठ्ठ्याहत्तरचे, इन्सुलिनवर. नवरा वेर्ण्याला कारखान्यात, मुलगी म्हापशाला कॉलेजात. टॉर्च, बिस्किटं, औषधं भरून एक पिशवी तयार ठेवली आहे. आणखी काय हवं?

उत्तर : पिशवी हवीच, पण निम्मं काम अजून बाकी आहे. पाणी वाढायला लागलं की घरोघरी एकच वाद होतो, निघायचं की थोडं थांबून बघायचं? त्यातच वेळ जातो. म्हणून निघायची खूण आत्ताच ठरवा. फाटकाच्या खांबावर ऑइल पेंटने दोन रेघा मारा. पाणी खालच्या रेघेला टेकलं की गॅस-वीज बंद, सामान माळ्यावर. वरच्या रेघेला लागायच्या आत सगळे बाहेर. ही वरची रेघ गुडघ्याच्या बरीच खाली हवी. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की म्हाताऱ्या माणसाला धरून चालवणं जमत नाही. रात्री रेघ दिसत नाही, तेव्हा रेड अलर्ट असेल त्या दिवशी सासऱ्यांना संध्याकाळीच उंचावरच्या नातेवाइकांकडे पोचवा. रेड अलर्ट म्हणजे साधारणपणे २४ तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता, हे ध्यानात ठेवा.

साखळीत पाऊस उघडला म्हणून निर्धास्त राहू नका. नदी फुगते ती चोर्ला घाटाकडच्या पावसाने. अंजुणे धरणातून पाणी सोडलं तर त्याची भर पडते, आणि त्याच वेळी खाली भरती असली की पाणी तुंबतं. पावसाळ्यात भरतीची वेळ रोज बघायची सवय लावा.

आता कामं. 'मेन स्विच नवऱ्याने पाडायचा' असं ठरवून उपयोग नाही, कारण दिवसाउजेडी तो वेर्ण्याला असतो. सकाळी अकराला घरात तुम्ही आणि सासरे, एवढेच आहात असं धरून योजना करा. क्रम असा : सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढा, वर सेफ्टी कॅप बसवा आणि सिलिंडर उभाच खिडकीच्या गजाला बांधा, नाहीतर पाण्यात तो तरंगतो. मग मेन स्विच. इथे बरेच जण फसतात. मेन पाडला तरी इन्व्हर्टर घरातल्या वायरिंगला वीज देत राहतो, तो वेगळा बंद करावा लागतो. त्याची बॅटरी जमिनीवर असेल तर उंच स्टँडवर घ्या. पाय पाण्यात असताना मात्र कुठल्याही स्विचला हात लावू नका.

इन्सुलिन हा तुमच्या घरातला नाजूक भाग. वीज गेली तर वापरातली बाटली मातीच्या मडक्यात, ओल्या फडक्याखाली ठेवा. बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. अडकून पडल्यावर जेवणाचा भरवसा नसतो. पोटात काही नसताना नेहमीचा डोस घेतला तर साखर एकदम खाली येते. अशा वेळी किती घ्यायचं ते डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या आणि सासऱ्यांच्या खिशात साखरेची पुडी ठेवा.

मुलीला बजावून सांगा, पाणी चढल्याची बातमी आली तर घरी यायला निघायचं नाही, म्हापशातच मैत्रिणीकडे थांबायचं. निरोप गोव्याबाहेरच्या एका नातेवाइकाला द्यायचा, समजा बेळगावच्या आतेला. सगळ्यांनी तिलाच कळवायचं. फोन लागत नाही तेव्हाही एसएमएस बहुधा जातो. तिचा नंबर, शिवाय ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, कागदावर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात.

पिशवी एका हाताने उचलता आली पाहिजे, दुसऱ्या हाताने सासऱ्यांना धरायचं आहे. घरात माणशी रोज ४ लिटरप्रमाणे तीन दिवसांचं, म्हणजे ४८ लिटर पिण्याचं पाणी वरच्या बाजूला ठेवा. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, घरपट्टीची पावती, विम्याचे कागद दुहेरी प्लास्टिकमध्ये. पाणी ओसरल्यावर चिखल काढण्याआधी फोटो घ्या, मामलेदार कचेरीतल्या भरपाईच्या अर्जाला लागतात.

एका रविवारी हे सगळं प्रत्यक्ष करून बघा, सासऱ्यांसकट. रेग्युलेटर निघत नाही, माळ्याची शिडी शेजाऱ्याकडे आहे, असलं काहीतरी तेव्हाच सापडतं.

प्रश्न : पुरात आमची विहीर बुडाली होती. ब्लीचिंग पावडर किती घालावी?

उत्तर : आधी गढूळ पाणी उपसून टाका, गाळात पावडर वाया जाते. मग विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास × व्यास × खोली × ७८५ म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास, दोन मीटर पाणी असेल तर सुमारे १४,००० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे इथे ३५ ग्रॅम. बुडालेल्या विहिरीला पहिल्यांदा याच्या दुप्पट घाला. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडा आणि बादलीने ढवळा. निदान एक तास उपसू नका. तरीही पाणी तपासून येईपर्यंत उकळूनच प्या. उघड्या डब्यातली जुनी पावडर असेल तर दुसरी आणा, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.