कोअर आय९-१४९००के प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डला ८५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरेल का? कूलर कोणता घ्यावा?

चालेल, पण १००० वॅटचाच घ्या. कार्ड ४५० वॅट, प्रोसेसर २५३ वॅट, बाकी सगळं मिळून साधारण ८० धरा. म्हणजे पूर्ण लोडला पावणेआठशेच्या वर. त्यात कार्ड काही मिलिसेकंदांसाठी याहून बरंच जास्त ओढतं, आणि तेव्हाच ८५० वाला सप्लाय ट्रिप होऊन पीसी गेमच्या मध्येच बंद पडू शकतो. एटीएक्स ३.० किंवा ३.१ या नव्या मानकाचा सप्लाय घ्या, हे झटके झेलण्यासाठीच तो बनलाय. कार्डाला वीज देणारी १६ पिनची केबल पूर्ण आत बसली पाहिजे आणि कनेक्टरपासून निदान ३५ मिमी सरळ हवी. अर्धवट बसलेला कनेक्टर तापून वितळू शकतो. जुन्या मॉड्युलर (सुट्या केबलच्या) सप्लायच्या केबल नव्याला कधीही लावू नका, सप्लायकडच्या टोकाची पिनरचना वेगळी असते. एसएसडी जागीच जळू शकते.

कूलर ३६० मिमीचा लिक्विड, रेडिएटर कॅबिनेटच्या छताला. पुढे लावलात तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच ठेवा, नाहीतर हवा पंपात अडकते. पंप कायम पूर्ण वेगाने चालू द्या.

कूलरइतकीच बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) सेटिंग महत्त्वाची. बरेच मदरबोर्ड प्रोसेसरची पॉवर लिमिट, म्हणजे तो किती वॅट ओढू शकतो ती मर्यादा, मोकळी सोडतात. ती २५३ वॅटवर आणा, आणि बायोस अपडेट कराच, कारण जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर खराब होत होते, त्यावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती, जी बायोस अपडेटमधून येते) दिलाय. नागपूरच्या मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत ही लिमिट २०० वॅटवर ठेवलीत तरी गेमिंगमध्ये फरक जाणवणार नाही.